'चेक' हा एकच शब्द की चार?

प्रश्न असा आहे : बँकेतला चेक, 'जरा चेक कर' मधला चेक, चेक्सचा शर्ट आणि गुजरातभर दिसणारे चेकडॅम, हे इंग्रजीतले चार वेगळे शब्द आहेत का? एकच असेल तर इतके लांबलांबचे अर्थ त्याला चिकटले कसे, आणि बँकेतल्या चेकचं स्पेलिंग तेवढं वेगळं का? शिवाय हा शब्द अरबीतल्या 'सक्क'वरून, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाच्या नावावरून, आला असं जिथे-तिथे वाचायला मिळतं, ते खरं का?

उत्तर आधी देतो. शब्द एकच आहे, स्पेलिंग दोन आहेत, आणि तो 'सक्क'वरून आलेला नाही. तो आपल्या मराठी 'शह'चा सख्खा भाऊ आहे. एकाच फारसी घरातून दोघे निघाले, एक थेट आपल्याकडे आला, दुसरा अरबस्तान आणि फ्रान्सला वळसा घालून इंग्लंडात पोचला.

बडोद्यात माझं काम इंग्रजी, मराठी आणि गुजराती कागदांच्या अनुवादाचं आहे. एका बाजूला बँकांची आणि कोर्टाची कागदपत्रं, दुसऱ्या बाजूला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या यंत्रांची माहितीपुस्तकं. 'चेक' दोन्हीकडे येतो आणि दोन्हीकडे वेगळा अर्थ घेऊन येतो. त्यामुळे या शब्दाचं कूळ नीट समजून घेणं माझ्यासाठी हौसेचं काम राहिलं नाही. ते समजलं नाही तर अनुवाद चुकतो.

आता मुळाकडे. आपलं चतुरंग, म्हणजे जुनं बुद्धिबळ, इराणात गेलं आणि तिथे 'चतरंग' झालं. अरबांनी त्याचं 'शतरंज' केलं. खेळताना समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की त्याला सावध करायचा रिवाज होता, आणि त्यासाठी फक्त 'शाह!' एवढंच म्हणायचं. म्हणजे 'राजा! राजाकडे बघ!' हा पुकाराच पुढे त्या स्थितीचं नाव झाला. मराठीने तो फारसीतून घेतला आणि 'शह' केला. युरोपात तो अरबीमार्गे गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला, आणि इंग्रजीत शिरताना पुढचा 'ए' गळून 'चेक' उरला. याच 'एशेक'चं अनेकवचन म्हणजे आजचा 'चेस'. म्हणजे चेस आणि चेक हे दोन शब्द दिसतात खरे, पण मुळात एकाच शब्दाचं अनेकवचन आणि एकवचन आहेत.

'शाह'च्याही मागे जाता येतं. प्राचीन इराणी भाषेत राजाला 'क्षायथिय' म्हणत. त्यातला 'क्ष' ओळखीचा वाटतो ना? राज्य करणे या अर्थाचा तो धातू संस्कृतातही आहे, आणि 'क्षत्र', 'क्षत्रिय' हे त्याच गोतावळ्यातले. इराणी बाजूला 'क्षत्र'चा जो जोडीदार होता त्याचा अर्थ राज्य असा होता. तो झिजत झिजत 'शहर' झाला आणि फारसीतून मराठीत आला. क्षत्रिय, शहर, शह आणि बँकेतला चेक एका पंगतीत बसलेले बघून मला अजूनही हरखून जायला होतं.

पण नुसत्या दिसण्यावरून नातं जोडू नये, हेही इथेच सांगायला हवं. 'शहाणा' या कुळातला नाही. तो संस्कृत 'सज्ञान'वरून, प्राकृतातून आलाय, हिंदीतला 'सयाना' त्याचा भाऊ. 'शहामृग' हा तर मृगही नाही आणि शहाही नाही. फारसीत त्याला 'शुतुरमुर्ग' म्हणतात, म्हणजे उंटपक्षी. आपल्या कानांना 'शुतुर' परका वाटला, म्हणून त्याचं ओळखीचं 'शहा' झालं आणि 'मुर्ग'चं 'मृग'. इंग्रजीतही असंच आहे. बुद्धिबळातलं प्यादं म्हणजे 'पॉन', आणि गहाण ठेवणे म्हणजेही 'पॉन', उच्चार-स्पेलिंग सगळं एक. पण पहिला पायदळातल्या शिपायावरून आला आणि दुसरा तारण या अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून. ते खरोखर दोन शब्द आहेत. 'चेक'चं तसं नाही. त्याचा एकेक अर्थ आधीच्या अर्थातून फुटलेला दाखवता येतो.

पहिला फुटवा बघा. शह मिळाला की खेळणाऱ्याला मनातला बेत सोडून आधी राजा सोडवावा लागतो. चाल तिथल्या तिथे अडते. इंग्रजीत हाच अर्थ पटाबाहेर आला, आणि चेक म्हणजे अडवणूक, रोध, लगाम असं झालं. मराठीतही तेच घडलं. 'विरोधकांना शह दिला', 'शहकाटशहाचं राजकारण' हे आपण बुद्धिबळाचा विचारही न करता बोलतो. 'मात'सुद्धा तशीच; संकटावर मात करणाऱ्याच्या मनात पट कुठे असतो? 'शाह मात'चा अर्थ 'राजा मेला' असा अरबी 'मात'वरून लावतात. फारसीत मात्र 'मात' म्हणजे हतबल, थिजलेला. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याची फक्त वाट खुंटते, म्हणून मला दुसरा अर्थ जास्त पटतो.  

तर अडवणे हा अर्थ. अनुवादाच्या कामात सगळ्यात जास्त घात इथेच होतो, कारण आपल्या कानांवर 'चेक करणे' म्हणजे तपासणे हाच अर्थ इतका बसलाय की दुसरा सुचतच नाही. एका पंपाच्या माहितीपुस्तकाचा आधी झालेला मराठी अनुवाद माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. मूळ इंग्रजी सूचना साधी होती : पंप सुरू करण्यापूर्वी चेक व्हॉल्व्ह चेक करा. अनुवादात होतं, 'तपासणी झडप तपासा'. वाचणाऱ्या फिटरला वाटणार, तपासणीसाठी मुद्दाम वेगळी झडप बसवली आहे. प्रत्यक्षात चेक व्हॉल्व्ह काही तपासत नाही. तो पाणी एका दिशेने जाऊ देतो आणि उलटं फिरायला लागलं की अडवतो. आत एक पाकळी असते. पंप चालू असताना पाण्याच्या जोराने ती उघडी राहते. पंप बंद झाला आणि वरच्या नळातलं पाणी मागे यायला लागलं की त्याच पाण्याच्या दाबाने ती आपल्या बैठकीवर घट्ट बसते. विहिरीत सोडलेल्या नळाच्या तोंडाशी असतो तो फूट व्हॉल्व्ह याच जातीचा. मकरपुऱ्यात कोणत्याही फिटरला विचारा, तो 'एनआरव्ही' म्हणेल, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि ते नाव कामाला जास्त प्रामाणिक आहे. मी मराठीत 'परतरोधी झडप' लिहितो आणि पहिल्यांदा येते तिथे शेजारी 'एनआरव्ही' लिहितो. त्या ओळीत पहिला चेक अडवण्याचा होता आणि दुसरा तपासण्याचा.

चेकनटही तसाच. मुख्य नट सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर आवळलेला दुसरा नट. तो सैल होणं अडवतो, कसलीही खातरजमा करत नाही. आणि चेकडॅम म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा छोटा बंधारा. मराठीत 'बंधारा' हा नेमका शब्द असताना 'चेकडॅम' लिहायची गरज नाही, पण इथल्या सरकारी कागदांत तोच रुळलाय.

अडवण्याचं तपासणं कसं झालं? चुकीला, लबाडीला लगाम घालायचा तर हिशेब दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघावा लागतो. म्हणून ताडून बघणं हीच लगाम घालण्याची कृती झाली. हा अर्थ तुलनेने उशिराचा, १७व्या शतकातला. चेकपोस्ट किंवा चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकत्र उभे असतात : गाडी अडवतात, मग तपासतात. जुना अर्थ आधी, नवा नंतर.

आता कापडाकडे येतो, कारण बँकेचा चेक त्या वाटेनेही जातो.

फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. इंग्लंडात राजा पहिला हेन्री याच्या कारकिर्दीत, म्हणजे ११०० ते ११३५ या काळात, सरकारी जमाखर्च तपासणारं एक खातं उभं राहिलं आणि त्याचं नाव पडलं 'एक्सचेकर', म्हणजे अक्षरशः बुद्धिबळाचा पट. हे नाव का, ते त्याच खात्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने १२व्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल. वरची नाणी-सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंचीची कड. त्यावर काळं कापड, आणि कापडावर वीत-फुटाच्या अंतराने ओढलेल्या रेघा. रेघांमध्ये रकाने : उजवीकडून पेन्स, मग शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, मग शंभर, मग हजार.

याची गरज काय होती, हे एकदा रोमन आकड्यांत वजाबाकी करून पाहिलं की कळतं. रोमन आकड्यांना एकं-दहं-शतंचे रकाने नाहीत आणि शून्यही नाही. कागदावर आकडा नोंदता येतो, पण त्याच्यावर हिशेब करता येत नाही. म्हणून हिशेब कापडावर व्हायचा. परगण्याचा अधिकारी, ज्याला शेरीफ म्हणत आणि जो गायकवाडी राज्यातल्या सुभ्याच्या दर्जाचा म्हणता येईल, तो टेबलाच्या एका बाजूला बसे. त्याच्याकडून किती येणं आहे ते एका ओळीत सोंगट्यांनी मांडत, त्याने किती भरलं ते खालच्या ओळीत. रकान्यारकान्याने सोंगट्या उचलत गेलं की बाकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उरे. शेरीफला वाचता येत नसलं तरी चालत असे. फिट्झनील म्हणतो, पटावर जशी दोन राजांची लढाई असते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची असते, बाकीचे पंच म्हणून बसतात. कापडावरचे चौकोन आणि दोन बाजूंची झुंज, अशा दोन्ही कारणांनी ते नाव तंतोतंत बसतं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात.

चौकड्यांच्या कापडाला चेक्स म्हणायचं ते याच पटावरून. मराठीत आपण चौकडीचा शर्ट म्हणतो ते फार सुरेख आहे. इथे जपून बोलावं लागतं एवढंच, कारण गुजरातीत 'चोकडी' म्हणजे चार रस्त्यांची गाठ किंवा फुलीची खूण. बडोद्याबाहेरची गोल्डन चोकडी सगळ्यांना माहीत आहे. तिथे कापड शोधायला कोणी जात नाही.

एक्सचेकरमध्ये पावती म्हणून लाकडाची काठी वापरत. भरलेल्या रकमेएवढ्या खाचा काठीवर पाडायच्या आणि मग ती उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही अर्ध्यांवर येतात. मोठा तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, त्याला 'स्टॉक' म्हणत. लहान तुकडा खात्याकडे, तो 'फॉइल'. पुढे दोन तुकडे जुळवले की खाचांशी कोणी खेळ केलाय का ते लगेच उघडं पडे. या काठ्या १९व्या शतकापर्यंत वापरात होत्या. नंतर साचलेला ढीग १८३४ साली संसदेच्या इमारतीतल्या भट्टीत जाळायला घेतला आणि त्यातून लागलेल्या आगीत १६ ऑक्टोबरला संसद भवनच जळालं.

काठीच्या जागी कागद आल्यावर युक्ती तीच राहिली. सरकारी रोख्याचा एक भाग फाडून पैसे देणाऱ्याला द्यायचा, दुसरा कार्यालयात ठेवायचा, आणि तो कागद परत आला की फाटलेली कड व नक्षी जुळवून बघायची. कार्यालयात राहणाऱ्या भागाला 'काउंटरफॉइल' म्हणत आणि १८व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक'ही म्हणत, कारण तो बनावटीला अडवणारा आणि ताडून बघण्याच्या कामाचा तुकडा होता. म्हणजे 'चेक' हे नाव आधी स्थळप्रतीचं होतं! मग असा चेक जोडलेल्या छापील कागदाला चेक म्हणायला लागले, आणि हळूहळू नाव मागे ठेवायच्या तुकड्यावरून सरकून फाडून द्यायच्या तुकड्यावर आलं. पूर्वीच्या चेकबुकात डाव्या हाताला काउंटरफॉइल असायचं आणि जुने लोक रक्कम आधी त्यावर लिहीत, मग चेकवर. ती पट्टी म्हणजे खरा मूळचा चेक.

'सक्क'च्या कथेचं उत्तर याच क्रमात आहे. अरबी व्यापारात 'सक्क' नावाचा लेखी आदेश होता, त्यावर दूरच्या गावी पैसे मिळत, हे खरं. वस्तू जुनी आहे. पण शब्दाचा उगम वस्तूच्या जुनेपणावरून ठरत नाही. इंग्लंडातच हाताने लिहिलेला, १६५९ सालचा, ४०० पौंडांचा चेक जपून ठेवलेला आहे; तेव्हा त्या कागदाला चेक हे नाव पडलेलंच नव्हतं. 'सक्क'वरून शब्द आला असता तर इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ पैसे देण्याचा आदेश असा सापडायला हवा होता. सापडतो तो स्थळप्रत असा. मधली पायरी दिसत असताना ती ओलांडून उच्चारसाम्यावर उडी मारायचं कारण नाही.

स्पेलिंगचं म्हणाल तर सुरुवातीला बँकेचा चेकही सी-के लावूनच लिहीत. 'एक्सचेकर'च्या धर्तीवर क्यू-यू-ई लावायची चाल पडली, आणि जेम्स विल्यम गिलबार्ट या लंडनच्या बँकरने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात बँकिंगवर लिहिताना तिचा जाणीवपूर्वक पुरस्कार केला. त्याची कारणं दोन : बाकीच्या अर्थांशी घोळ होत नाही, आणि सरकारी खजिन्याच्या नावाशी मेळ बसतो. अमेरिकेने हे उचललं नाही. तिथे बँकेचा चेकही सी-केनेच संपतो, आणि हॉटेलातलं बिलही 'चेक' असतं. भारतात १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने ब्रिटिश स्पेलिंग कायम केलं. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे चेक म्हणजे ठरावीक बँकरवर काढलेलं, मागताक्षणी देय असलेलं विनिमयपत्र. आपल्या कागदांत क्यू-यू-ईच लिहा.

बडोद्यात हा कागद रुळला तो १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बरोडा स्थापन केल्यानंतर. त्याआधी इथला पैसा हरिभक्तींसारख्या सावकारी पेढ्यांमधून हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याच्या देशी चिठ्ठीवर, फिरायचा. हुंडीचे प्रकार अनेक. त्यातला एक आपल्या विषयाला लागून आहे. 'शहाजोग हुंडी' म्हणजे जिचे पैसे फक्त एखाद्या 'शहा'ला, पत असलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच मिळत. चोराने हुंडी पळवली तरी त्याला ती वटवायला प्रतिष्ठित माणूस गाठावा लागे, आणि तिथेच तो पकडला जाई. आजच्या क्रॉस केलेल्या चेकचं तत्त्व हेच : पैसे काउंटरवर रोख मिळत नाहीत, बँकेच्या खात्यातूनच जातात. हा 'शहा' मात्र फारसी राजा नाही. तो संस्कृत 'साधु'वरून, प्राकृत 'साहु'वरून आलेला सचोटीचा व्यापारी, आणि आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं शहा आडनाव तेच. हुंड्या गेल्या, पण सज्जनपणाचा आव आणणाऱ्याला मराठी माणूस अजून शहाजोग म्हणतो.

आता कामापुरतं. इंग्रजी मजकुरात 'चेक' दिसला की लगेच 'तपासा' लिहू नका. पुढे यंत्र, पाणी, वेग, राग, महागाई, साथ असं काही असेल तर बहुधा अडवणे, आवरणे, आटोक्यात ठेवणे हाच अर्थ असतो. 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणजे राज्यघटनेतली परस्पर नियंत्रणं. त्याचं 'तपासण्या आणि शिल्लका' झालेलं मी पाहिलंय. 'चेकर्ड करिअर' म्हणजे चढउतारांची कारकीर्द, पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांवरून. 'रेन चेक' हा अमेरिकन बेसबॉलचा : पावसाने सामना रद्द झाला की तिकिटाचा अर्धा तुकडा पुढच्या सामन्याला चाले, म्हणून त्याचं मराठी 'आत्ता नाही, पुढच्या वेळी नक्की' असं करा. आणि अमेरिकन मजकुरात जेवणानंतर कोणी चेक मागितला, तर मराठीत 'बिल' लिहा, 'धनादेश' नको.